रेंजचा धोंडा

आमच्या वाडीत पाहुणा आला, की त्याला आधी गूळपाणी देतात आणि मग धोंडा दाखवतात. या धोंड्याला शेंदूर नाही, त्याला नवसही कुणी बोलत नाही. पण आमची माणसे त्याच्यावर चढून जितका वेळ तोंड वर करून उभी राहतात, तितका वेळ ती भैरोबापुढे हात जोडून उभी राहिलेली मी पाहिलेली नाहीत. त्याचे नाव रेंजचा धोंडा.

मुळशीच्या तलावाच्या मागच्या अंगाला, ताम्हिणी घाट उतरायला लागण्याच्या अलीकडे, डोंगरांच्या बशीत आमची वीस-बावीस घरे आहेत. मोबाइलची लहर बहुतेक सरळ रेषेत चालते. डोंगर चढून पलीकडे उतरण्याचे कष्ट ती घेत नाही. तेव्हा वाडीत फोनचा उपयोग घड्याळ म्हणून आणि रात्री गोठ्यात जाताना विजेरी म्हणून. मात्र घरांच्या वर, करवंदीच्या जाळ्यांतून वीस मिनिटे चढून गेले, की एक काळा कातळ लागतो. त्याच्या उगवतीकडच्या टोकावर उभे राहून फोन उजव्या कानाला लावला (डाव्या नव्हे, मी दोन्ही करून पाहिले आहे) तर एक रेघ उमटते. पावसाळ्यात तीही विरघळून जाते.

यातली गंमत अशी, की आमचा मुळशी तालुका म्हणजे हिंजवडीचाही तालुका. तिथे काचेच्या इमारतींत बसून हजारो मुलेमुली साऱ्या जगाची यंत्रे एकमेकांशी बोलती करतात. माझा पुतण्या त्यांतलाच एक. तो सुट्टीत वाडीला आला, की पहिल्या दिवशी अस्वस्थ असतो, दुसऱ्या दिवशी आजारी दिसतो आणि तिसऱ्या दिवशी माणसात येतो. मग त्याला परत जावे लागते.

या धोंड्याची थट्टा करण्याचा मला थोडाफार हक्क आहे, कारण निरोप पोचवणे हेच माझे पोट होते. मी तारमास्तर. १९७५ साली तारखात्यात चिकटलो. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा माझ्या नोकरीची दोन वर्षे उरली होती. घरात म्हातारे माणूस अखेरच्या दुखण्यात पडावे आणि ते गेल्यावर सुनेला सुटल्यासारखेही वाटावे आणि घर रिकामेही वाटावे, तसे काहीसे मला त्या दिवशी वाटले होते.

आजच्या मुलांना तार म्हणजे काय ते सांगावे लागते. शब्दाला पैसे पडत. म्हणून माणसे शब्द तोलून वापरत. शुभेच्छांच्या तारांना तर शब्दसुद्धा नव्हते, नुसते आकडे होते. पहिला नंबर दिवाळीचा. दिवाळीच्या आठवड्यात खिडकीशी रांग लागे आणि प्रत्येक जण आत तोंड घालून “एक नंबर” एवढेच म्हणे. तारेवरून आकडा जाई आणि पलीकडचा मास्तर त्याचे पुन्हा गोड वाक्य करी. आठवा नंबर लग्नाचा. एका गृहस्थांनी घाईघाईत आठाऐवजी एक सांगितला आणि भर वैशाखातल्या लग्नमंडपात वधूवरांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा जाऊन पोचल्या. लोक पोट धरून हसले असतील. माझ्या मते तो आशीर्वाद काही वाईट नव्हता.

पण साऱ्या तारा एक नंबरच्या नसत. आम्हाला नोकरीवर घेताना गुप्ततेची शपथ देत. तारेतला मजकूर फोडणाऱ्या नोकराला १८८५ च्या कायद्यात तुरुंग होता. म्हणजे साऱ्या गावाचे मरण, लग्न, कर्ज, बढती प्रथम मला कळे, आणि कळूनही कळले नाही असे मला राहावे लागे. एके दिवशी रात्रपाळीत मी एक तार उतरवून घेतली. पत्ता आमच्याच वाड्यातला. सकाळी पाळी संपवून घरी आलो, तेव्हा तारवाला शिपाई अजून निघायचा होता. ज्या बाईंच्या भावाची ती तार, त्या दारात रांगोळी घालत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “काय मास्तर, आज काय नवीन?” मी म्हणालो, “काही नाही.” जिना चढून वर गेलो आणि कान दाराशी लावून बसलो. अर्ध्या तासाने खाली सायकलची घंटा वाजली. ती घंटा मी आजही विसरलेलो नाही. गुप्तता ही मोठी थोर गोष्ट आहे असे भाषणांत ऐकतो, तेव्हा मला ती अर्धी राहिलेली रांगोळी दिसते.

आता आत्याबाईंकडे वळतो. त्या माझ्या आत्या नव्हेत. साऱ्या वाडीच्या आत्या आहेत. माझ्या ओसरीवरून त्यांची ओसरी दिसते. घरात त्या आणि त्यांचा नातू, एवढेच. नातू वीस-बावीस वर्षांचा. दोन खाचरांच्या भातावर वर्ष निघत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ओळखीने तो घाट उतरला आणि रायगडच्या किनाऱ्यावर एका मच्छीमार बोटीवर खलाशी म्हणून लागला. डोंगरातले पोर समुद्रावर गेले म्हणून वाडीने बोटे मोडली. मला मात्र त्यात नवल वाटले नाही. आमचे पाणी तरी काय करते? मुळा नदी मुळात पूर्वेची. भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळायची तिची जन्माची वाट. १९२० नंतरच्या दहा वर्षांत धरण झाले, गावे बुडाली, त्यासाठी सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह मांडला, आणि अखेर ते पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून भिऱ्याच्या वीजघरावर सोडले. तिथून ते कुंडलिकेत पडते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. पोरगा पाण्याच्या मागे गेला, इतकेच.

२०२५ साली दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी अरबी समुद्रात ‘शक्ती’ नावाचे चक्रीवादळ उठले. ही बातमी आत्याबाईंनी स्वतः पाहिली. कारण रेंज नसली तरी आमच्या वाडीत दूरदर्शनच्या तबकड्या आहेत. चार-पाच कौलांवर त्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या असतात. उपग्रह त्यांना सारे सांगतो. पण तबकडी फक्त ऐकते, बोलत नाही. साऱ्या जगाची बातमी वाडीत येते आणि वाडीची हाक कुठे जात नाही. आत्याबाईंनी पडद्यावर तो पांढरा भोवरा फिरताना पाहिला आणि उठून घरी आल्या. त्यांनी मला काही विचारले नाही. चूल मात्र पेटली नाही, हे मी माझ्या ओसरीवरून पाहिले.

तीन दिवस मी धोंड्यावर जाऊन येत होतो. पोराचा फोन लागत नव्हता. किनारा सुटून काही मैल गेले, की तिथलीही रेंज संपते. समुद्रात टॉवर कोण उभारणार? बोटीच्या मालकाचा नंबर माझ्याजवळ नव्हता. चौथ्या दिवशी कोजागिरी होती. आभाळ फाटके होते, चंद्र मधूनमधून दिसत होता. घाटरस्त्यावरच्या टपरीवरून रिकाम्या कॅनांबरोबर दूधवाला आला आणि त्याने एक चिठ्ठी आणली. बिस्किटाच्या पुड्याचा कागद उलटा करून टपरीवाल्याने लिहिले होते : ‘बोट सुखरूप. सर्व खलाशी ठीक. देवगडकडे वळलो.’

या चिठ्ठीचा प्रवास मी मागाहून जुळवला. पोराच्या बोटीवर एक लहानसे यंत्र बसवलेले होते. इस्रोने ते तयार केले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्या योजनेची देशभरासाठी सुरुवात झाली. किनाऱ्यावरच्या तेरा राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या मिळून एक लाख बोटींवर अशी यंत्रे बसवायची, असे ठरले. यंत्राला आपला साधा मोबाइल जोडायचा, त्यात ‘नभमित्र’ नावाची सोय घ्यायची आणि चार शब्दांचा मजकूर लिहायचा. तो टॉवर न शोधता थेट आभाळात जातो. वादळाचा इशाराही त्याच वाटेने खाली येतो. यापूर्वीही, २०१० पासून, बोटींवर संकटाची खूण पाठवणारे एक यंत्र होते. पण खूण गेली ती पोचली की हवेत विरली, हे बोटीवरच्या माणसाला समजत नसे. २०२४ च्या जानेवारीत त्याची सुधारलेली आवृत्ती आली, आणि तिच्यात किनाऱ्याकडून पोच मिळण्याची व्यवस्था झाली. तारमास्तराला या पोचेचे मोल कुणी सांगायला नको. बुडणाऱ्या माणसाला दोर मिळायला वेळ लागेल. पण आपली हाक ऐकली गेली आहे एवढे कळले, तरी तो आणखी तासभर फळी धरून राहतो.

असले उपग्रह विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्याला जागचे हलत नाहीतसे वाटतात. तिथून खालच्या लहानशा यंत्राचा क्षीण आवाज ऐकायचा म्हणजे कान फार मोठा हवा. २७ ऑगस्ट २०१५ रोजी सोडलेल्या जीसॅट-६ या आपल्या उपग्रहाला सहा मीटरांची एक जाळीची अँटेना आहे. जाताना ती मिटलेली होती आणि वर गेल्यावर छत्रीसारखी उघडली. वर छत्री मोठी, म्हणून खाली यंत्र लहान.

मला यावरून आर्वी आठवली. १९७१ साली आमच्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावाजवळ आर्वीला, देशातले उपग्रहाशी व्यापारी दळणवळण करणारे पहिले केंद्र सुरू झाले. पुढे त्याला विक्रम साराभाईंचे नाव मिळाले. मी तेव्हा अकरावीत होतो. शाळेने आमची सहल नेली. ती जवळजवळ तीस मीटर व्यासाची पांढरी तबकडी पाहून आम्ही पोरे गप्प झालो. एवढे मोठे भांडे आभाळापुढे धरायचे, तेव्हा कुठे त्यात परदेशचा आवाज पडणार! आमच्यातला एक वात्रट म्हणाला, “सर, यात जिलबी तळता येईल.” त्याला छडी मिळाली, पण परतीच्या वाटेवर सर स्वतःच हसत होते. त्या कढईचे काम आता खिशातल्या फोनाजवळच्या एका पेटीत येऊन बसले आहे. वर मघाची छत्री मोठी झाली, त्याचा हा परिणाम.

तर पोराच्या बोटीवरून निरोप वर गेला आणि खाली आला. एकूण बाहत्तर हजार किलोमीटर. त्याला वेळ लागला सुमारे पाव सेकंद. मग केंद्रातून तो बोटमालकाकडे गेला. मालकाने टपरीवाल्याला फोन केला. टपरीपासून आमची वाडी अकरा किलोमीटर. त्या अकरा किलोमीटरांना लागली एक रात्र आणि एक दिवस.

चिठ्ठी मी आत्याबाईंना वाचून दाखवली. जन्मभर दुसऱ्यांच्या तारा गिळल्यावर आज मोठ्याने, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असे वाचायचे होते, म्हणून मी घसा खाकरून वाचले. आत्याबाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “ह्यो निरोप त्येचा न्हाई.”

“अहो आत्याबाई, बोटीवरून आलाय. सर्व खलाशी ठीक म्हणून लिहिलंय.”

“सर्व म्हंजी कोन? माज्या पोराचं नाव कुटं हाय त्यात? आन ‘ठीक’ त्यो कवाच म्हनत न्हाई.”

मी उपग्रह समजावून सांगायला लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले. “मास्तर, येक इचारू? तुमी तवा पुण्याच्या कचेरीत व्हता न्हवं?”

त्यांच्या नवऱ्याची गोष्ट मला ऐकून ठाऊक होती. तो मुंबईला गिरणीत होता. आजारी पडला, तेव्हा इथे तार आली, ‘तब्येत बरी आहे, काळजी नसावी.’ आत्याबाई निर्धास्त झाल्या, भात लावीत राहिल्या. चौथ्या दिवशी चाळीतली माणसे त्याची ट्रंक घेऊन दारात आली. तार निघाली, तेव्हा तो जाऊन एक दिवस झाला होता. बाईमाणूस एकटी आहे, एकदम धक्का बसू नये, अशा विचाराने कुणा भल्या शेजाऱ्याने ती पाठवली होती. त्याच्या भलेपणाबद्दल मला शंका नाही. तारखात्यात असल्या भल्या तारा आम्ही ढिगांनी पाहिल्या. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ ही तर रजा मिळवण्याची हुकमी तार. साहेबांनाही ते माहीत असे आणि साहेबांच्या आईही वर्षातून दोनदा अत्यवस्थ होत. तार खरे-खोटे पाहत नव्हती. खिडकीत पैसे भरले, की मजकूर जाई.

आत्याबाईंची ती तार पुण्यावरून गेली असेल, तर ती माझ्याही हातून गेलेली असू शकते. मी त्यांना खरे ते सांगितले. “होतो. पण मला आठवत नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री वाडीत दूध आटले. आत्याबाईंनी वाटी घेतली आणि तशीच बाजूला ठेवली. को जागर्ति असे लक्ष्मी विचारते म्हणतात. त्या रात्री तिला उत्तर द्यायला आमच्या बाजूला आम्ही दोघे होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोराने देवगडहून टपरीवर फोन केला. टपरीवाल्याने शहाणपणा करून त्याचा आवाज आपल्या फोनवर धरून ठेवला आणि मोटरसायकलने वाडीला आणून ऐकवला. “आजे, मी हाय.” एवढेच शब्द. आत्याबाईंनी ते चार वेळा ऐकले आणि मग चूल पेटवली.

दिवाळीला पुतण्या आला, तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. मला वाटले, तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, “काका, सुरक्षित निरोप म्हणजे गुप्त निरोप, असं तुम्हाला वाटतं. ते अर्धंच आहे. तिसऱ्यानं तो वाचू नये, ही एक गोष्ट. ज्याच्या नावानं आला त्याचाच असावा, वाटेत कुणी बदललेला नसावा, ही दुसरी. आत्याबाई दुसरीबद्दल बोलत होत्या.”

पहिल्या गोष्टीचीही आभाळात मोठी पंचाईत आहे. तार निदान तारेतून जाई. उपग्रहाची लहर वरून पावसासारखी पडते. तुमच्या अंगणात पडते तशी शेजाऱ्याच्याही अंगणात पडते. त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या काही संशोधकांनी आपले काम प्रसिद्ध केले. त्यांनी सॅन दिएगो शहरातल्या एका इमारतीच्या छपरावर बाजारात मिळणारी साधी तबकडी लावली. सारा खर्च आठशे डॉलरांच्या आसपास. तीन वर्षे त्यांनी आभाळातून पडेल ते ऐकले आणि पाहिले, तर उपग्रहांवरून जाणाऱ्या मजकुराचा जवळजवळ अर्धा भाग कुलूप न लावताच जात होता. लोकांची संभाषणे, निरोप, सरकारी आणि लष्करी मजकूरसुद्धा. मोठमोठ्या कंपन्यांनी बहुधा असे धरले असावे, की वर कोण बघायला जातो! ज्या मास्तरांनी अर्ध्या रांगोळीसमोर तोंड मिटून ठेवले, त्यांच्या जिवाला हे वाचून काय वाटले असेल याची कल्पना आपण करावी.

कुलूप लावणे तसे अवघड नाही, असे पुतण्या म्हणाला. मी विचारले, “पण किल्ली कशी द्यायची? किल्ली पाठवायची तर तीही त्याच आभाळातून जाणार. चोर तीही उचलेल.” त्यावर त्याने मला एक युक्ती सांगितली आणि ती मला फार आवडली. किल्ली पाठवायचीच नाही. मी उघडी कुलपे जगभर वाटून ठेवतो, किल्ली माझ्या घरात. तुम्हाला मला निरोप धाडायचा, तर डब्यात घाला, माझे कुलूप दाबून बंद करा आणि द्या सोडून. ते एकदा मिटले, की तुम्हालाही उघडता येणार नाही. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी ही वाट प्रथम जगापुढे मांडली. मी तारखात्यात लागलो, त्याच्या दुसऱ्याच वर्षी. म्हणजे मी शपथ घेऊन जीभ आवरत होतो, तेव्हा तिकडे दोघे जण शपथेची गरजच न उरणारे कुलूप घडवत होते. नोकरीच्या अडतीस वर्षांत हे मला कुणी सांगितले नाही.

“मग मलाच असलं एक यंत्र आण की,” मी म्हणालो. “धोंड्याची चढण वाचेल. हातात मावणारी मिळतात म्हणे.”

मिळतात, पण आपल्याकडे सरकारी परवान्याशिवाय ती जवळ बाळगता येत नाहीत. अमेरिकेत २०२२ च्या नोव्हेंबरपासून साध्या आयफोनवरून संकटाचा निरोप थेट उपग्रहाला धाडता येऊ लागला. गिर्यारोहक तर असली यंत्रे चपलेसारखी वापरतात. आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनडियन बाईंना सामानात असले यंत्र सापडल्यामुळे पोलिसांनी अडवून ठेवले. त्यांना बिचारीला इथला कायदा ठाऊक नव्हता. कायद्याला मी हसत नाही. २००८ च्या नोव्हेंबरात आमच्याच समुद्रातून बोटीने येऊन ज्यांनी मुंबईत हत्याकांड केले, त्यांच्याजवळ उपग्रह-फोन होता. कुणालाही न कळता कुठूनही बोलण्याची सोय ही हरवलेल्या पोराला जशी लागते, तशी ती त्यालाही लागते. दोघांच्या हातातले यंत्र एकच. पण आमच्या जवळच्या अंधारबनात पावसाळ्यात धुके उतरले, की शहरातली मुले वाट चुकतात. रात्री वाडीतली माणसे विजेऱ्या घेऊन हाका मारीत फिरतात, आणि दरीत हाक अशी घुमते, की पोरे भलतीकडेच चालू लागतात. मी त्या शोधाला दोनदा गेलो आहे. त्या वेळी मला सरकारचे म्हणणे फारसे आठवत नाही.

भाऊबीजेला आत्याबाईंचा नातूही आला होता. पुतण्याने त्याला ओसरीवर बसवून यंत्राची माहिती विचारून घेतली. आत्याबाई भाजणी पाखडता पाखडता सगळे ऐकत होत्या. पुतण्या म्हणाला, “निरोपात तुझ्या-आजीच्या दोघांतलीच एखादी खूण घालायची. म्हणजे तो तुझाच, हे त्यांना कळेल.” आत्याबाईंनी सूप खाली ठेवले, नातवाचा हात धरला आणि त्याला गोठ्यात घेऊन गेल्या. पाच मिनिटांनी दोघे बाहेर आले. पोरगा हसत होता. आत्याबाई पुन्हा सूप घेऊन बसल्या. पुतण्याने मला कोपराने ढोसले. “काका, हिंजवडीत आम्ही एवढंच करतो. फक्त गोठ्याऐवजी सभागृहात करतो.”

माघात एक दिवस दूधवाला आला, तो गाडी थांबवायच्या आधीच ओरडायला लागला, “मास्तर, बोटीवरनं आलंय! पण काय लिवलंय समजना!” चिठ्ठी आधीच चौघांनी वाचली होती. मालकाने टपरीवाल्याला ती दोनदा सांगितली होती, कारण पहिल्यांदा टपरीवाल्याला वाटले, फोनमध्ये खरखर आहे. मुक्कामाच्या एसटीच्या कंडक्टरनेही तिच्यावर डोके खाजवले होते. चिठ्ठीत होते : ‘वारा हाय. उशीर हुईल. हरणीच्या घंटेत चिंचोका.’

मी ती वाचून दाखवली. या वेळी घसा खाकरला नाही. आत्याबाई ऐकता ऐकता हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. हरणी ही त्यांची गाय. ती जाऊन बरीच वर्षे झाली, एवढे मला ठाऊक आहे. तिच्या घंटेत चिंचोका कुणी, कधी आणि का घातला, ते वाडीत कुणालाच ठाऊक नाही. कंडक्टर पुढच्या आठवड्यात खास विचारायला आला होता. त्याला चहा मिळाला.

मी विचारले नाही. अडतीस वर्षांची सवय आहे.

“मास्तर,” आत्याबाई म्हणाल्या, “ह्येला उत्तर जातं का?”

“जातं. मालकाला मी धोंड्यावरून सांगतो, तो पुढं पाठवील. बोटीवरच्या यंत्रात उमटतं.”

“अक्षराला पैशे पडत्यात?”

“नाही.”

त्यांनी विचार केला. मग माझ्या कानाशी येऊन दोन शब्द सांगितले. ओसरीवर आम्ही दोघेच होतो, तरी कानाशी येऊन. मला त्यांचा अर्थ लागला नाही. मी ते चिठ्ठीच्या मागे लिहिले, त्यांना वाचून दाखवले, त्यांनी मान डोलावली. कोलती टेकत मी करवंदीच्या वाटेने चढलो. ऊन उतरत होते, खाली तलावाचे पाणी पश्चिमेकडे पिवळे झाले होते. धोंड्याच्या टोकावर उभा राहिलो. रेघ आली, गेली, पुन्हा आली. मी आत्याबाईंचे दोन शब्द उतरवले, जुन्या शिस्तीप्रमाणे मजकूर एकदा ताडून पाहिला आणि बोट दाबले.